अडतीस डब्या

डॉक्टर तुळशीराम ठाकूर यांनी आयुष्याची एकतीस वर्षं लोकांच्या पोटात घातली. आम्लपित्त, बद्धकोष्ठ, जुलाब, गॅस. माणूस दार लावून जे उरकतो ते त्यांनी इंग्रजी नियतकालिकांत छापून आणलं. दीड महिन्यापूर्वी ते गेले ते हृदयाने. आतडी शेवटपर्यंत उत्तम होती, हे भेटायला आलेल्या प्रत्येक डॉक्टरने हेमांगीला आवर्जून सांगितलं. वडील गेलेल्या मुलीने यावर काय म्हणायचं असतं, ते तिला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नव्हतं.

आता त्यांच्या निवडक लेखांचं पुस्तक निघणार होतं. सोमवारी मजकूर छापखान्यात. पहिला लेख सगळ्यात गाजलेला. रेवदंड्याच्या अडतीस कोळणींच्या शौचाचे नमुने तपासून त्यांनी दाखवलं होतं, की सुक्या मासळीवर वाढलेल्या बायकांच्या आतड्यांतले जीवाणू थक्क व्हावं इतके सारखे असतात. पुण्यात दोन मुलं त्यावर पीएचडी करत होती. हेमांगीला फक्त त्या बायकांचा एक फोटो हवा होता, म्हणून ती रेवदंड्याला आली.

केसरमावशी अंगणात जवळा वाळत घालत होती. दहा वर्षांपूर्वी नमुन्यांच्या डब्या घरोघर वाटून गोळा केल्या होत्या त्या तिनेच.

"अडतीस जणी कशाला गोळा करतेस? जनीचा एकटीचा काढ फोटू. सगळं तिचंच होतं."

"सगळं म्हणजे?"

"डब्यांतलं." केसरने जवळ्यावरून हात फिरवला. "तुझा बाबा बोलला, मुंबईला न्यायचंय तपासायला. आता मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाटीतला तळचा मासा कोन दाखवतं? वरती ताजा, चांगला तोच मांडतो आपन. तवा माझं पोट बिघडलेलं, सुनेची तर बातच नको. गावाची अब्रू घालवू? जनीचं मात्र असं, की घड्याळ लावून घ्यावं."

"एकटीच्या अडतीस डब्या?"

"झाकनाला इवलासा चमचा होता बाय. उरलं पन."

शेजारच्या पायरीवर जनी कोळंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही. "तुझा बाबा मिठागरवाल्याच्या घरचा मानूस. मासळीचा बाजार त्याला काय ठाव? इचारलं असतं तर सांगितलं असतं."

हेमांगीला हसू आलं. ते थांबेना. मग त्याचं दुसरंच काही व्हायला लागलं, तेव्हा केसरने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि नसलेला कावळा हाकलायला कुंपणापर्यंत जाऊन आली.

"कुनाला ठाव हाय?" परत येऊन ती म्हणाली. "मानूस गेला. ऱ्हाऊ दे त्याचं नाव."

ते सोपं होतं. तीन परीक्षकांनी डोळे फाडून वाचलेला लेख. तिने गप्प बसायचं, एवढंच. पण एकदा आपल्याच लेखात एक दशांशचिन्ह चुकलं म्हणून बाबांनी संपादकांना पत्र धाडलं होतं आणि उत्तर येईपर्यंत चार दिवस नुसत्या पेजेवर काढले होते. आणि ती पुण्याची मुलं जनीमावशीच्या एका सकाळीवर डॉक्टर होणार होती.

तिने फोनवर त्या इंग्रजी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं.

"काय लिवतेस?" जनीने विचारलं.

हेमांगीने मराठीत सांगितलं. "अडतीसही नमुने एकाच स्त्रीचे होते, म्हणून हा लेख मागे घ्यावा."

"कुठची स्त्री ते लिव."

"नाव देता येत नाही, मावशी. नियम आहे."

"चूक त्याची, माल माझा, आनि नाव न्हाय?"

"वय लिहिते. तेव्हा किती होतं?"

जनीने केसरकडे बघितलं. "सेहेचाळीस."

"बावन्न," केसर म्हणाली.

"तू गप. आनि तब्येतीचं लिव."

हेमांगीने लिहिलं, 'वय बावन्न, प्रकृती निरोगी.' मग जनीला विचारून 'निरोगी'च्या आधी 'अत्यंत' घातलं. खाली, डॉक्टर ठाकूर हयात नसल्याने त्यांच्या वतीने त्यांची मुलगी, अशी सही केली. ती ओळ तिने दोनदा वाचली आणि पत्र पाठवलं.

मग छापखान्याला फोन लावला. पहिला लेख काढायचा, दुसऱ्यापासून सुरू करायचं. पलीकडच्या माणसाने विचारलं, दुसरा कशावर आहे?

"ढेकरांवर," हेमांगी म्हणाली.