बायडाबाईची वाकळ

माझ्या नातीचं, अनुजाचं लग्न झालं ते साल २०२३. हॉल शिरोलीच्या रस्त्याला होता. अक्षता पडल्यावर माईकवरून आहेर पुकारायला लागले. फ्रीज, टीव्ही, सोफा, देणाऱ्याचं नाव दोन-दोनदा.

माझी धाकटी बहीण बायडाबाई राधानगरीहून आली होती. चार महिने बसून तिनं नवरीसाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली होती. पुढच्या खुर्चीत ती पदर सारखा करून आपलं नाव कधी येतं याची वाट बघत होती. वाकळ मात्र टेबलाखाली सरकवलेली.

मी मुलाला विचारलं, "आत्तीचं नाव कधी घेणार?"

"आबा, व्याही कारखानदार हायत. चिंध्या पुकारून माझी लाज काढताय व्हय?"

"ह्याच चिंध्यांत वाढलास की तू."

तो मोठ्यानं बोलला होता. मी जाऊन माईक हिसकावला आणि म्हणालो, "बायडाबाई गुंडू खोत, यांच्याकडून नवरीला वाकळ." तोवर तिची खुर्ची रिकामी झाली होती. न जेवताच ती एस.टी.ला गेली.

सोफ्याचं नाव दोनदा घेणाऱ्यांना सख्ख्या आत्तीचं एकदा घेववलं नाही. मुलगा माफी मागायलाही गेला नाही. वेळ मिळाला नाही म्हणतो.

२०२४ च्या चैत्री पौर्णिमेला बायडाबाई वारली.