नवसाच्या आड आलेला जोड

ती तो नवस बोलली, त्या दिवशी मी जन्मलोही नव्हतो. माझं चामडं कुठल्याशा गोदामात गुंडाळी होऊन पडलं असेल, तळाचं रबर साच्यात ओतायचं राहिलं असेल. तरी माझी गोष्ट सांगायची तर सुरुवात त्या नवसापासूनच करावी लागते, कारण मी जन्माला आलो तोच मुळी त्याच्या आड यायला.

मी बुटांचा एक जोड. डावा-उजवा असे दोन दिसत असलो तरी बोलणारा एकच. रंग करडा, नाडी काळी, तळ जाड, नंबर सहा.

तर तो नवस. तिचा मुलगा जपानमधल्या एका मोठ्या शहरात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर होता. एका सकाळी सायकलवरून कामाला जाताना त्याला गाडीने उडवलं. बातमी आली तेव्हा ही गॅसपाशी उभी होती. त्याच्यासोबत काम करणाऱ्या माणसाने फोनवर सांगितलं, जिवाला धोका नाही, पण पाय राहील की नाही ते सांगता येत नाही. दूध उतू जात होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. पायातल्या सपाता तिथेच काढल्या आणि हात जोडून म्हणाली, "देवा, माझ्या पोराला उभा कर. तो उभा राहिलेला माझ्या डोळ्यांनी बघेपर्यंत मी पायात काही घालणार नाही."

नवस तिला नवे नव्हते. लेकीच्या परीक्षेसाठी गोड सोडलं होतं, नवऱ्याच्या मोतीबिंदूसाठी एक वेळचं जेवण सोडलं होतं. सगळे तिने वेळच्या वेळी फेडले. देवाला ताटकळत ठेवायची तिची रीत नव्हती.

मुलाचा पाय वाचला. तो आधी खाटेवर उठून बसला, मग खुर्चीत आला, मग काठी घेऊन उभा राहिला. ही मात्र इकडे बाजाराला अनवाणी, दवाखान्यात अनवाणी, उन्हाने तापलेल्या फरशीवर अनवाणी. टाचांना भेगा पडल्या, त्यात ती तूप भरायची.

लेक म्हणायची, "आई, फोनवर दिसला ना दादा उभा? झाला तुझा नवस पुरा!"

"फोनला आहेत ते डोळे माझे नव्हेत," ती म्हणायची. विषय संपला.

असे चौदा महिने गेले आणि लेकीने एक दिवस आईचं तिकीट काढलं. एकटीचंच. बापाचं का नाही, तेही सांगायला हवं. बाप बस डेपोत वेळापत्रक लिहायचा. साहेबांच्या हातापाया पडून त्याने मुलाला तिथेच चिकटवलं होतं. मुलाने तीन महिन्यांत नोकरी सोडली आणि जपानी भाषेच्या वर्गात नाव घातलं. तेव्हा बापाचा तोल गेला. "जातोस तर जा. पुन्हा या उंबऱ्यावर पाऊल ठेवू नकोस." पोरगं शब्दाचं पक्कं निघालं. त्याला सहा वर्षं झाली. अपघाताची बातमी आली तेव्हाही बाप फोनजवळ उभा होता, हात पुढे केला होता. पण फोन काही हातात घेतला नाही.

तिकिटापाठोपाठ मी घरात आलो. दुकानातल्या माणसाने लेकीला बजावलं होतं, "तिकडे दिवसाला आठ-दहा हजार पावलं चालावं लागतं म्हणतात. आधी पंधरा दिवस हे घरात घालून फिरायला सांगा. नाहीतर टाच सोलून निघेल." लेकीने खोक्याचं झाकण उघडून मला आईपुढे धरलं. चुकीच्या दिवशी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"छान आहेत गं," म्हणाली आणि झाकण लावलं.

त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं असावं. पोराला बघायचं तर जायला हवं. जायचं तर पायात घालायला हवं. आणि पोराला बघितल्याशिवाय पायात घालायचं नाही, असा शब्द दिलेला. नवस बोलताना बिचारी घाईत होती. मध्ये एक अख्खा समुद्र आणि एक हिवाळा आहे, याचा हिशेब तिने धरलाच नव्हता.

मी भिंतीतल्या कपाटात, खालच्या फळीवर. तिथून जेवणाचं टेबल दिसायचं. प्रवासाची सगळी आखणी त्या टेबलावर झाली आणि ती केली बापाने.

आधी तो नुसता बाजूला बसून पेपर वाचल्याचं सोंग करायचा. लेक मोबाईलवर बघून सांगायची, "विमानतळावरून ही गाडी, मग इथे उतरून ती गाडी, मग..." तिसऱ्या दिवशी त्याने पेपर खाली ठेवला. "असं तोंडी सांगून प्रवासी पोचतो का? पट्टी दे." त्याने चार कोरे कागद चिकटवून एक लांब पट्टा केला आणि डेपोत आखायचा तसा तक्ता आखला. स्टेशन, फलाट, सुटायची वेळ, पोचायची वेळ, बाहेर पडायचं दार. एकेका स्टेशनला साठ-साठ दारं आहेत हे ऐकून तो थक्क झाला. "आमच्या डेपोला एकच दार होतं, तरी माणसं चुकायची!" 'अंदाजे' नावाचा रकाना त्याने सवयीने आखला होता, तो लेकीने खोडायला लावला. तिथे गाडी मिनिटावर सुटते म्हणे. "मिनिटावर? आमच्याकडे अर्धा तास उशिरा आली तर ड्रायव्हरला शाबासकी मिळायची," तो म्हणाला आणि खुशीत पेन्सिलीला टोक काढायला लागला.

एक गोष्ट मी बघितली. तक्त्याच्या अगदी खाली, मुलाच्या खोलीचा पत्ता यायला हवा तिथे त्याने लिहिलं होतं, 'शेवटचा थांबा'. नुसतं तेवढंच.

तक्ता अडला तो एका मोठ्या स्टेशनात. एका फलाटावरून दुसऱ्यावर जायचं, मध्ये रस्ता ओलांडायचा. मोबाईल म्हणे नऊ मिनिटं. त्याने पंधरा लिहिली. मग पेन्सिल थांबली.

"तिकडे थंडी किती असेल?"

"सकाळी दोन-तीन अंश," लेक म्हणाली.

 स्वयंपाकघरात ती पालेभाजी निवडत होती, तिचाही हात थांबला. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, "तुमच्या पायांना आधीच मुंग्या येतात. साखर आहे. अशा थंडीत अनवाणी चाललात आणि जखम झाली तर भरायची नाही. मी परवानगी देणार नाही."

लेकीने तोडगे काढले. "मोजे चालतील का? जाड लोकरीचे?"

"पायात 'काही' घालणार नाही म्हणाले होते. मोजे म्हणजेही 'काही'च की."

"मग चाकाची खुर्ची सांगते. विमानतळापासून दारापर्यंत."

"धडधाकट बाईने खुर्चीत बसून मिरवायचं? देवाला काय डोळे नाहीत?"

"अगं, देव समजूतदार असतो!"

"समजूतदार आहे म्हणून तर फसवायचं नाही." ती हसत होती, पण डोळे भरले होते. "तुम्हाला हे खूळ वाटतं, मला ठाऊक आहे. पण त्याचा पाय माझ्या पायावर उभा आहे गं. मी इथे पाऊल चुकले आणि तिथे तो पडला तर?"

जायला पाच दिवस उरले असताना तिने सांगून टाकलं, "तिकीट रद्द कर. त्याला बरं वाटलं की तोच येईल."

"कुठे येईल?" लेक ताडकन म्हणाली आणि बापाकडे बघितलं. "या उंबऱ्यावर?"

बाप उठून गॅलरीत गेला.

आता मला माझं गुपित सांगू द्या. ते माझ्याशिवाय आणखी एकालाच माहीत होतं.

ती रोज सकाळी देवळात जायची. जाऊन यायला पाऊण तास, आणि लेक तोवर कामाला गेलेली. तिची पावलं जिन्यावर विरली की कपाट उघडायचं. एक हात मला बाहेर काढायचा आणि माझ्यात पाय शिरायचा. तिचा नव्हे, त्याचा! तिचे पाय जरा थोराड, त्याचे पुरुषाच्या मानाने लहान. डेपोत त्याला 'चिमणपावले' म्हणून चिडवायचे. दोघांचा नंबर एकच. तो मला घालून दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, पुन्हा मागे असा फिरायचा. घड्याळ लावून, पाऊण तासातली चाळीस मिनिटं. पहिल्या दिवशी मी त्याला चावलो. नव्या बुटाची ती जातच. चौथ्या दिवशी त्याच्या टाचेला फोड आला. त्याने पट्टी लावली आणि पाचव्या दिवशी पुन्हा फिरला. फिरता फिरता स्टेशनांची नावं पाठ म्हणायचा. शेवटच्या थांब्याशी आला की गप्प व्हायचा.

असा मी मऊ होत गेलो. चामड्याला वळ्या पडल्या, आतला तळवा पावलाच्या आकाराने खोलगट झाला.

तिकीट रद्द करायचं ठरलं त्या दुपारी तिने मला परत करायला म्हणून खोक्यातून काढलं. कापडाने पुसता पुसता तिचा हात थबकला.

"हे कुणी वापरले?"

"मी नाही हं," लेक म्हणाली. "माझा पाय आत जायचा नाही."

तिने गॅलरीकडे बघितलं. तो आत येऊन कान खाजवत उभा होता.

"अहो?"

"दुकानदार पंधरा दिवस म्हणाला होता. तू काही घालणार नव्हतीस. मग कुणीतरी घालायला नको?"

"तुम्ही माझे बूट घालून घरभर हिंडत होतात?"

"घरातल्या घरात गं. जायच्या दिवशी तरी घालशील असं वाटलं. आणि त्या नऊ मिनिटांत तुझी टाच सोलली असती तर माझं सगळं वेळापत्रक कोलमडलं असतं."

लेक तोंडावर हात दाबून हसत होती. ती हसली नाही. खाली वाकून तिने त्याची टाच बघितली, पट्टीवर बोट ठेवलं. त्याने पाय मागे ओढून घेतला.

"हे बघ," तो खाली बघत म्हणाला, "नवस तुझा असेल, पण पोरगा दोघांचा आहे. तू जाऊन ये. तोवर नवस मी चालवतो."

"नवस म्हणजे काय बसचा पास आहे, ह्याच्याकडून घेऊन त्याला द्यायला?"

"डेपोत ड्रायव्हर आजारी पडला तर गाडी रद्द करत नाहीत. बदली माणूस देतात. आत बसलेल्याला पोचण्याशी कारण, गाडी कोण चालवतंय याच्याशी नाही."

ती आत गेली. दिवा लावून देवापुढे बसली, ती किती तरी वेळ. बाहेर दोघं वाट बघत होती. मी खोक्याबाहेर, फरशीवर. माझं काय होणार ते तिथे ठरत होतं आणि मला मात्र हात जोडायला हात नव्हते.

ती उठली. "घेतला वसा अर्ध्यात टाकायचा नसतो. मी त्याला बघेपर्यंत तुम्ही पायात काही घालायचं नाही. बाजारात नाही, डेपोतल्या मित्रांकडे नाही. चिडवतील."

"चिमणपावलेच म्हणतील, दुसरं काय," तो म्हणाला. पायातल्या चपला काढून त्याने माझ्या रिकाम्या खोक्यात ठेवल्या आणि झाकण लावलं.

निघायच्या दिवशी तो कोपऱ्यावर गाडीपर्यंत आला. रस्त्यावर बारीक खडी होती. तव्यावर चालल्यासारखा, दर पावलाला तोंड वेडंवाकडं करत तो आला. गाडीत बसलेली ती बघत राहिली. चौदा महिने आपण कशा दिसत होतो, ते तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मला घालून ती चालली, पण बेतानेच. पायाखाली काही जिवंत असावं तशी. प्रत्येक पावलाला ओठ हलत. त्या मोठ्या स्टेशनात तिला चौदा मिनिटं लागली. तिने कोटाच्या खिशातला तक्ता काढून बघितला आणि स्वतःशीच म्हणाली, "पंधरा धरली होती त्यांनी."

शेवटच्या थांब्याचं दार उघडलं. एक हात भिंतीला, एक काठीला, असा मुलगा उभा होता. वाळला होता, पण उभा होता. ती जागच्या जागी त्याला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग खाली बसून तिने माझ्या नाड्या सोडल्या.

नंतर घरी फोन लावला. "अहो, बघितला हो मी. उभा आहे. नवस फिटला. घाला आता चपला."

 पलीकडून आवाज आला, "तुझा फिटला. माझा कुठे? मी अजून बघितला नाही त्याला."

"थांबा, फोन त्याच्याकडे धरते."

"फोनला आहेत ते डोळे माझे नव्हेत."

मुलगा ऐकत होता. काठी टेकत तो जवळ आला आणि सहा वर्षांनी बापाशी पहिलं वाक्य बोलला.

"बाबा, तुमच्या पायाचा नंबर किती?"

मी सध्या मुलाच्या दाराशी असतो. इथे बूट दाराकडे तोंड करून ठेवायची पद्धत आहे. माझ्याशेजारची जागा ती बापाच्या जोडासाठी रोज पुसून मोकळी ठेवते. तिकडे एक माणूस अजून अनवाणी आहे, आणि तिथेही आता थंडी सुरू झाली असेल.

वाचणाऱ्या बाई, दादा, माझी एक विनंती आहे. तुमच्याही घरात कुणीतरी कुणासाठी काहीतरी सोडून बसलं असेल. त्याला हसू नका, त्याच्याशी वाद घालू नका. चार दिवस तो नवस तुम्ही चालवा आणि त्या माणसाला जायचं असेल तिथे जाऊन येऊ द्या. आणि त्याच्यासाठी नवे बूट आणले असतील, तर आधी तुमच्या टाचेला फोड येऊ द्या.