आर्डिसबाईंच्या दाढांची चांदी

आर्डिस हॉगेनबाई माझ्या दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या त्याही तोंडावर हात धरूनच. वय एकाहत्तर. डुलुथ बंदराच्या धक्क्यावरच्या खानावळीत त्यांनी तीस वर्षं खलाशांना वाढलं होतं, पण त्यांना दात दाखवून हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"पोरीचे थोडे दिवस राहिलेत," त्या म्हणाल्या. "म्हणते, आई, तुझा हसतानाचा एकही फोटो नाही. रविवारी काढायचाय."

तो गुरुवार होता. वरच्या चार दाढांत जुनी चांदी भरलेली होती. ती पुढपर्यंत आली होती आणि काळी पडली होती. चांदी पक्की होती, पण भोवतीचा दात कागदासारखा पातळ झाला होता.

"सगळी काढायला गेले तर दाढा तडकतील," मी म्हटलं. "पुढून दिसते तेवढीच खरवडते. त्यावर काळेपणा झाकणारा थर देते आणि वरून दाताच्या रंगाचा. पण दोनेक वर्षांत टवका उडू शकतो."

"दोन वर्षं कुणाला हवीत? मला रविवार हवाय."

दोन तास लागले. मग मी आरसा दिला. त्यांनी ओठ ओढून एकेक दाढ पाहिली.

"नवरा म्हणायचा, तुझ्या तोंडात कोळशाची खाण आहे. चेष्टाच करायचा बिचारा. पण मी तोंड मिटलं ते मिटलंच."

पुढचं मला एप्रिलमध्ये त्या पुन्हा आल्या तेव्हा कळलं. त्या रविवारी त्या मुलीच्या, मारीटच्या, पलंगाशी दात दाखवून ताठ उभ्या राहिल्या. मारीटने डोळे बारीक केले. "आई, अशी नको गं! टूथपेस्ट विकायला आल्यासारखी दिसतेस."

आर्डिसबाईंना खरंच हसू फुटलं, अगदी पोट धरून. नर्सने तेवढ्यात फोटो काढला. बुधवारी मारीट गेली.

त्यांनी तो फोटो माझ्यासमोर धरला. वरच्या दाढा छान दिसत होत्या. पण तोंड इतकं उघडलं होतं की खालच्या दाढांमधली चांदीही दिसत होती, काळी ती काळीच. माझी नजर तिथंच गेली.

"खालच्याही झाकून देऊ का?"

"नको," त्या म्हणाल्या. "तिने पाहिल्यात त्या."

मी फोटो परत दिला. पायऱ्यांवर अजून बर्फ होतं, म्हणून हात धरून त्यांना गाडीपर्यंत सोडून आले.