यिर्दावचा चाळिसावा

यिर्दावने शाल नाकापर्यंत ओढली, भिकाऱ्यांच्या रांगेतून उठला आणि चर्चच्या मागच्या बाजूला गेला. तिथे गावचे पाद्री अब्बा लिसानु मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी आलेल्या तल्ल्याच्या घागरीत नाक घालून, बिअर नीट मुरली की नाही ते बघत होते.

"अब्बा, मी आहे."

म्हाताऱ्याच्या हातातलं झाकण पडलं.

"तुला मी या हातांनी पुरलंय रे."

"तो तासेव होता."

मुलूख बळकावून बसलेल्या इटालियनांच्या रस्त्यावर दगड फोडणारे कैदी मनगटाला मनगट बांधून जोडीने राबत. यिर्दावच्या डाव्या मनगटाला पाच महिने तासेव होता. शेवटच्या रात्री तासेव तापाने फणफणला म्हणून यिर्दावने त्याला आपली शाल दिली. पहाटे साखळी तोडून दोघे पळाले, आणि मागून आलेल्या गोळ्यांनी तासेव पडला. दुसऱ्या दिवशी इटालियनांनी चेहरा न उरलेलं ते प्रेत धडा म्हणून गावात आणून टाकलं. शालीची किनार यिर्दावच्या आईने, वोर्कनेशने विणलेली होती. तिने हंबरडा फोडला आणि सगळ्यांना खात्री पटली.

मेलेल्याला कोणी शोधत नाही. महिनाभरात इटालियनांशी लढणाऱ्या यिर्दावच्या टोळीने दोन चौक्या लुटल्या. "गाशे, मेल्यापासून तुम्हाला फार अक्कल आली," असं त्याचा उजवा हात दम्मते, थोरल्या भावाला हाक मारावी तसं, म्हणे. पण डोंगरातल्या अरुंद वाटेवरही यिर्दाव डावीकडे एका माणसाची जागा सोडून चाले, तेव्हा मात्र दम्मते गप्प बसे.

"आज प्रार्थनेत माझं नाव नको, त्याचं घ्या," यिर्दाव म्हणाला. "त्याची आई लांब वोलो प्रांतात आहे. तो मेला हेही तिला माहीत नाही. त्याच्यासाठी कोणीच प्रार्थना केलेली नाही, अब्बा. तो माझ्या हाताला धरून उभा असतो."

"बाप्तिस्म्याचं नाव लागेल. ठाऊक आहे?"

ते नाव माणूस जपून ठेवतो. वैऱ्याच्या कानी पडलं तर करणी व्हायची. तासेवने ते शेवटच्या रात्री सांगितलं होतं.

"हाइले मिकाएल."

अब्बांनी हळूच अंगणाकडे बोट दाखवलं. जुनिपरच्या झाडाखाली इटालियनांचा कारकून बूट पुसत बसला होता. शोक खरा आहे की सोंग, हे बघायला त्याला धाडलं होतं. सोंग निघालं असतं तर नदीपलीकडच्या दोन गावांसारखं हेही गाव जळालं असतं.

"गावाला तुझं ते नाव ठाऊक नाही, त्या कारकुनालाही नाही," अब्बा म्हणाले. "पण तुझ्या आईला आहे. परकं नाव ऐकून, तू जिवंत आहेस हे ओळखून ती आनंदाने ओरडली तर?"

यिर्दावच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. डावं मनगट जड झालं, तेव्हा त्याने ते उजव्या हाताने धरून ठेवलं.

"घ्या," तो म्हणाला.

प्रार्थना जुन्या गीझ भाषेत होती. लोकांना कळत होतं ते फक्त नाव. डोकं भादरलेली वोर्कनेश पुढे बसून छाती पिटत होती. चाळीस दिवसांत ती निम्मी झाली होती.

"तुझा सेवक हाइले मिकाएल..."

तिचा हात हवेतच थांबला.

तिने डोळे उघडले. कारकुनाने मान वर केली. यिर्दावची बोटं शालीखाली पिस्तुलाला भिडली. आई इकडेतिकडे बघेल, आपल्याला शोधेल.

तिने कुठेही पाहिलं नाही. हात खाली आला तो छातीवरच, आधीपेक्षा जोरात.

"परक्या मातीत पडलास रे लेकरा! मरताना आईचा हातसुद्धा लागला नाही रे तुला! ती माउली अजून वाट बघत असेल रे!"

शेजारच्या बाया चमकल्या. आपल्याच गावच्या मातीला ही परकी का म्हणते, ते त्यांना उमगेना. दुःखाने भ्रमली बिचारी, असं समजून त्यांनीही टाहो फोडला.

कारकून उठला, टोपी काढून जरा वेळ उभा राहिला.

"असं रडणं खोटं नसतं," तो अब्बांना म्हणाला आणि जेवायला गेला.

यिर्दाव रांगेत परतला. शालीत तोंड खुपसून तो रडू लागला, तेव्हा शेजारच्या आंधळ्या भिकाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

"तुझा कोण लागत होता रे हा यिर्दाव?"

"कोणी नाही," यिर्दाव म्हणाला.