ज्याच्याने दोरा तुटला नाही

मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. मित्रांनो, हसायचंच असेल तर आधी माझं ऐका.

एका शिंप्याच्या मुलीच्या तोंडात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मऊ लगदा दाबून धरला. तो घट्ट झाल्यावर त्या साच्यात प्लास्टर ओतलं, आणि मी जन्मलो. हुबेहूब तिच्यासारखा! दाढा दाढांवर बसायच्या, पण पुढचे दात काही केल्या भेटायचे नाहीत. मधे पेन्सिल जाईल एवढी फट.

शिंप्याच्या घरात कात्री समोर असली तरी दोरा दातानंच तोडत. मुलगी दोरा तोंडात धरी, जोर लावी. दोरा नुसता ओला होई. आत्या म्हणे, "दात आहेत का शोभेला लावलेत?"

डॉक्टरीणबाईंनी मला शिंप्याच्या हातात ठेवलं. "गिळताना हिची जीभ दातांना पुढे ढकलते. तारा लावून दात जागेवर आणू, जिभेलाही वळण लावू. वेळ लागेल. घरी दाखवा आणि ठरवा."

घरी शिंप्यानं मला उलटंपालटं केलं. "हात्तिच्या! मागे उंच झालंय म्हणून पुढे उघडं पडतंय. मागचं घासलं की पुढचं बसलं. तारा कशाला?" त्यानं कानस काढली. माझ्या दाढेचा भुगा शिलाई मशीनवर सांडला.

मला दुखलं नाही, पण संताप आला. अंगाच्या मापानं कपडा बेततात, कपड्यासाठी अंग कापत नाहीत, हे शिंप्यालाच कळू नये? मी वाकडा होतो, खोटा नव्हतो!

मुलीनं त्याचं मनगट धरलं. "बाबा, ते माझे दात आहेत."

"अगं, प्लास्टर आहे हे."

"मग माझेच घासा. घाला कानस!" आणि तिनं आ वासला.

शिंप्याचा हात तिथंच थांबला.

"दादा, ठेव ती कानस," आत्या म्हणाली. "पोरगी चावेल हं!"

"चावेन कशी? दात टेकतात कुठे?" मुलगी फणकारली. आधी आत्या हसली, मग शिंपीही. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि कानस खणात टाकली.

मग तारा आल्या, गालाला टोचल्या. जेवण नकोसं झालं. जीभ टाळूला टेकवून गिळायचा सराव तिनं मशीन चालवताना केला, कपडे वाळत घालताना केला. अखेर एके दिवशी डॉक्टरीणबाईंसमोरच तिनं खिशातून दोरा काढला. कट्!

"अगं, दातानं दोरा तोडू नये! कडा झिजतात."

"एकदाच, डॉक्टर. आता कात्री."

तिनं शब्द पाळला. मी मात्र फळीवर धूळ खात पडलो. परवा कुणीतरी म्हणालं, "हा वाकडा टाकून द्या."

टाका खुशाल! पण माझी फट कुणी बुजवू नका, मित्रांनो. माझी घासलेली दाढ पाहा आणि लक्षात ठेवा: वाकड्या दाताला हसण्याआधी त्याचं दुखणं विचारावं. आणि तुम्हालाच कुणी घासून सरळ करायला निघालं, तर खुशाल आ वासा आणि म्हणा, "घाला कानस!"