उत्तरपूजेनंतरचा गोल

मी एक जुना चेंडू आहे. माझ्या अंगावरचा पिवळट-लाल डाग पाहून नाक मुरडू नका. तो मळ नाही, माझा मानाचा बिल्ला आहे.

मित्रांनो, मी गेलिक फुटबॉलचा चेंडू. आयर्लंडच्या या खेळात मला लाथ मारतात, हातात झेलतात आणि मुठीने ठोसेही देतात. आडव्या दांड्याच्या वरून गेलो तर एक गुण, खालून जाळ्यात शिरलो तर गोल, म्हणजे तीन गुण. एवढे लक्षात ठेवा.

पांढऱ्या कातड्याचे तुकडे शिवून मला घडवले. ऑर्ला नावाच्या आयरिश शिक्षिकेने माझी हवा काढून मला बॅगेत कोंबले आणि जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आणले. तिथे तिने मुलींचा संघ जमवला होता. बहुतेक विद्यापीठातल्याच, कुणी स्पॅनिश, कुणी जर्मन. त्यांत एके दिवशी सांगलीची वैभवी आली. पीएचडीसाठी आलेली, शाळेत खो-खो गाजवलेली.

काय पळायची ती! पण खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळायचे नसते. ती सवय पोरीच्या हाडात मुरलेली. मला छातीशी धरून ती सरळ धावत सुटायची आणि थेट मैदानाबाहेर जायची. ऑर्ला काठावरून ओरडायची, "वैभवी, वळ गं! इथे वळलेलं चालतं!" सगळ्या पोट धरून हसायच्या. वैभवीही हसायची आणि मग एकटीच मला घेऊन अंधार पडेपर्यंत वळण्याचा सराव करायची. तिची बोटे गारठलेली असायची, पण मला तिने कधी चिखलात टाकून दिले नाही. पुसून, हवा तपासून पिशवीत ठेवायची.

दोन हंगामांनी तीच कर्णधार झाली. कर्णधार म्हणजे काय, तर मैदानासाठी फेराइनच्या, म्हणजे तिथल्या क्रीडामंडळाच्या, लोकांशी गोड बोलणे, रेल्वे चुकलेल्यांना आणणे आणि हरल्यावर सगळ्यांना सूप पाजणे. आम्ही हरायचोही भरपूर. स्पर्धेचा कप मात्र दरवर्षी दुसऱ्याच गावाला जायचा. शेवटी तिचा प्रबंध पूर्ण झाला, दूरच्या गेर्लिंगेनला नोकरी लागली आणि ठरले, यंदाची स्पर्धा तिची शेवटची. आणि त्याच वर्षी आम्ही, कधी नव्हे ते, अंतिम सामन्यात पोहोचलो. तोही आमच्याच मैदानावर, खंडेनवमीच्या रविवारी.

त्या दिवशी वैभवीची आई, सरलाताई, खास सांगलीहून येऊन मैदानावर हजर होत्या. साडीवर जाड कोट, पायात लोकरी मोजे. फोनवर त्या नेहमी विचारायच्या, "ते चेंडूचं खूळ कधी सुटणार?" पण खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजायचीच. त्यांनी काठावर घडीचे टेबल मांडले, पांढरा रुमाल अंथरला आणि मला त्यावर बसवले. हळद-कुंकू लावले, कुंडीतली झेंडूची फुले वाहिली आणि बजावले, "आता उत्तरपूजेपर्यंत हलवायचा नाही."

झाले! संघाकडे नवा कोरा चेंडू होताच, तो मैदानात गेला. मी राजासारखा बसून राहिलो आणि आतून जळत राहिलो.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटे उरली असताना पाहुण्या संघाने दांड्यावरून असा काही फटका मारला, की गुण तर मिळालाच, शिवाय चेंडू कुंपणापलीकडच्या बागेत जाऊन पडला. आम्ही दोन गुणांनी मागे. खाजगी बाग ती, मालक रविवारचे बाहेर गेलेले आणि फाटकाला कुलूप. पाहुण्यांकडे चेंडू नव्हता, कारण चेंडू यजमानांनी द्यायचा असा नियम होता. पंच म्हणाल्या, "आल्झो, मग चेंडूच नसेल तर सामना इथेच संपवावा लागेल."

सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. वैभवी धावत आली, पण तिने मला हात लावला नाही.

"आई, मला तो चेंडू हवाय."

"अगं, पूजेतला आहे. असा मध्येच उचलतात का?"

"म्हणूनच तर विचारतेय. आई, हा माझा शेवटचा सामना आहे. एवढी वर्षं ह्याच दिवसासाठी मरमर केलीये गं."

सरलाताईंनी लेकीचे चिखलाने माखलेले, खरचटलेले गुडघे पाहिले. मग झटकन पदर खोचला. "उत्तर दिशा कुठे?"

पंचांना काय समजले कोण जाणे, पण त्यांनी शिट्टीनेच उत्तर दाखवली. सरलाताईंनी मला पुन्हा ओले हळद-कुंकू लावले, अगदी घसघशीत. अक्षता टाकल्या, "पुनरागमनाय च" म्हटले आणि मला उत्तरेकडे बोटभर सरकवले.

वैभवी मला जर्सीला पुसणार, तोच त्या ओरडल्या, "पुसू नकोस! जिंकून ये."

काय सांगू मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात हवेपेक्षा जास्त काहीतरी भरले होते! त्या दिवशी आमची गोलरक्षक असलेल्या ऑर्लाने मला उंच टोलवले. वैभवीने मला वरच्यावर झेलले आणि ती धावत सुटली. ती सरळच जाणार असे समजून सगळ्या बचावपटू तिला अडवायला पुढे धावल्या. आणि ती वळली! त्या पुढे निघून गेल्या आणि तिने मला दांड्याखाली हाणले. मी जाळ्यात आदळलो, जाळ्यामागच्या लोखंडी नळीवर आपटलो आणि तितक्याच वेगाने बाहेर आलो.

पाहुण्यांच्या गोलरक्षक मुलीने मला कवटाळले. "खांबाला लागला! आत गेलाच नाही!" गर्दीत कुणालाच नीट दिसले नव्हते. वैभवी गुडघ्यांवर बसली.

पंच जाळ्याजवळ गेल्या. पांढऱ्या जाळीवर आतल्या बाजूला पिवळा-लाल ठसा उमटला होता. त्यांनी तो बोटाने टिपला, वास घेतला आणि विचारले, "इस्ट दास करी? ही करी आहे का?"

"नाइन, नाही," वैभवी रडत-हसत म्हणाली, "आईची हळद आहे!"

हिरवे निशाण वर गेले. गोल! पाठोपाठ शेवटची शिट्टी वाजली आणि एका गुणाने कप आमचा! मुलींनी वैभवीला खांद्यावर घेतले आणि वैभवीने कप आईच्या हातात दिला. सरलाताई सगळ्यांना सांगत सुटल्या, "माझी मुलगी, कॅप्टन!" त्यांचे जर्मन तेवढेच, पण सगळ्यांना समजले.

पुढे फेराइनने मला काचेच्या कपाटात ठेवायचे ठरवले. सरलाताईंनी साफ नकार दिला. "त्याची उत्तरपूजा झालीये. आता त्याला खेळू द्या."

म्हणून मी आजही नव्या मुलींच्या लाथा खातो. मित्रांनो, तुमच्याकडचा चेंडू, सायकल, पेटी, जे काही असेल ते पुसा, जपा, वर्षातून एकदा त्याला फूल वाहा. पण मग त्याला तसेच बसवून ठेवू नका. बोटभर उत्तरेकडे सरकवा आणि उचला. आम्ही वाट पाहत असतो.