म्हणे, हा नंबर मोफत!

मी विल्फ हेस्केथ यांचा मोबाइल बोलतोय. त्यांच्या बंडीच्या खिशातून बोलतोय आणि माझ्यात एका पेनीचाही बॅलन्स नाही. तो कुठे गेला, ते ऐकाच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. आठवते ती इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या बाजारातली फळी. दोन जुन्या किटल्यांच्या मध्ये मी पडलो होतो. तिथून मला शोनाने उचललं. शोना म्हणजे विल्फ आजोबांची नात, वय एकोणीस, जिभेला धार. घरातला लँडलाइन परवडेना म्हणून आजोबांनी काढून टाकला होता, त्याची जागा मला मिळाली.

आजोबांनी चाळीस वर्षं गोदीवर मासे कापले. बोटं अशी जाड की एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जातात. पण जीव फार लावला मला. रोज पुसायचे, चहाच्या कपापासून लांब ठेवायचे.

मग या आठवड्यात पेन्शन कचेरीचं पत्र आलं. कागदांत काही घोळ होता. शुक्रवारी पाचच्या आत फोनवर खुलासा करा, नाहीतर पेन्शन बंद. खाली ठळक नंबर, हसऱ्या बाईचा फोटो आणि एक शब्द: मोफत.

आज शुक्रवार. सकाळी आजोबांनी माझ्यात दहा पौंड भरले. बरोबर चारला टाय बांधून त्यांनी मला कानाशी धरलं. फोनवर टाय कुणाला दिसणार होता?

"आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," टेपवरची बाई म्हणाली. मोलाचा होताच, मिनिटाला चाळीस पेन्स! लँडलाइनवरून केला तर फुकट, मोबाइलवरून केला की माझी कंपनी पैसे कापते. पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. ज्याला घरी लँडलाइन परवडत नाही, त्याच्याकडूनच वसुली, आणि तीही माझ्या हातून. पैसे चालले होते, मला कळत होतं. पण ओरडायची सोय मला कुणी दिलेली नाही.

शोना घरात आली. "आजोबा, किती वेळ झाला?"

"श्श! रांगेत आहे मी. पुढे चारजण."

"ठेवा तो! पैसे जातायत."

"अगं, मोफत छापलंय. सरकारी पत्र आहे ते, मासेवाल्याची पाटी नाही."

"मोबाइलवरून नसतं मोफत! किती वेळा सांगू?"

"आता दोनच राहिले. रांग सोडली की पुन्हा मागे. शिवाय बरं दिसतं का ते?"

"कुणाला बरं दिसायचंय? टेप आहे ती, आजोबा, टेप!"

माझा जळफळाट होत होता. रांग दिसली की उभं राहायचं, छापलेलं दिसलं की मान डोलवायची. या म्हाताऱ्यांच्या भलेपणावरच तर या कंपन्या पोसल्या जातात.

"पेन्शन विभाग, जनीन बोलतेय. आपलं नाव?"

आजोबा उठून उभे राहिले. "विल्फ्रेड हेस्केथ, बाई. जन्मतारीख..."

तिथे बॅलन्स संपला आणि मी तुटलो. चार पंचवीस.

पुन्हा भरायला आजोबांकडे काही उरलं नव्हतं, शोनाच्या पाकिटात फक्त बसचा पास. कोपऱ्यावरच्या फोनबूथमधला रिसीव्हर कुणीतरी कधीच उपटून नेलेला. लँडलाइन होता तो शेजारच्या पिंडरकडे.

"त्याच्याकडे? त्याने न विचारता माझं झुडपांचं कुंपण छाटलं. सहा वर्षं बोललो नाही मी त्याच्याशी."

"मग आज बोला. उपाशी मरण्यापेक्षा बरं!" तिने त्यांना अक्षरशः ओढत नेलं.

पिंडरने दार उघडलं, टायकडे पाहिलं. "कोण गेलं? कुणाच्या अंत्यविधीला निघालास?"

"फोन करायचाय," आजोबा पुटपुटले. "मोफत आहे. म्हणजे, तुझ्याकडून."

"ये. बूट पुसून ये."

पाचला पाच कमी असताना जनीनच लागली. खुलासा तीन मिनिटांत झाला. पेन्शन चालू राहणार! शोनाने सुस्कारा सोडला. तेवढ्यात जनीन म्हणाली, "फक्त नोंदीत दिसतंय, सर, मघाशी तुम्ही स्वतःहून फोन ठेवलात. 'ग्राहकाने सहकार्य केले नाही' असं पडलंय."

"मी ठेवला नाही. बॅलन्स संपला. ती ओळ खोडा."

"बॅलन्स संपल्याचा पर्याय यादीत नाही, सर. त्याला साहेबांची परवानगी लागेल, आणि त्यांना वेळ..."

"मग थांबतो," आजोबा म्हणाले आणि पिंडरच्या खुर्चीत नीट बसले.

आता सहा वाजायला आलेत. सभ्यपणे बोलणाऱ्याचा फोन आपणहून ठेवायची मुभा जनीनला नाही, हे तिच्याच तोंडून निघालं. पिंडरने दुसऱ्यांदा चहा टाकलाय. शोना आता 'ठेवा तो' म्हणायचं सोडून बिस्किटं पुढे करतेय. म्हाताऱ्यांच्या भलेपणाबद्दलचे मघाचे शब्द मीसुद्धा गिळतोय.

पत्रकं छापणाऱ्यांनो, एवढं करा: 'मोफत' लिहाल तिथे कुणासाठी, तेही लिहा. आणि माझ्यासारख्यांच्या हातून गरिबाचा खिसा कापायचं बंद करा.

"सर, तुम्ही अजून आहात?"

"आहे ना, बाई. सावकाश होऊ द्या."